‘एकदा लागली की सुटत नाही’

उमरेडला चहाच्या टपरीवर, खाणीच्या गेटवर, बस स्टँडवर बीपीचा विषय निघाला की तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘मले काही होत नाही ना, मंग गोळी कायले घेऊ?’ ‘एकदा लागली का सुटत नाही बापा थे.’ आणि ‘लागलंच त नागपूर काही दूर नाही.’ तिन्ही सुटी वाटतात, पण तो एकच सलग युक्तिवाद आहे. रोग म्हणजे त्रास. त्रास नाही तर रोग नाही. रोग नसताना औषध घेणे म्हणजे शरीराला नको ती सवय लावणे. आणि रोग झालाच, तर खरा इलाज ४५ किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात आहेच.

हा युक्तिवाद अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. शिकलेली, हिशेबी, संसार नीट चालवणारी माणसे तो मांडतात, आणि त्यामागे अनुभव असतो. कुणाच्या मामाला गोळी सुरू झाल्यावर पाय सुजलेले असतात, कुणाच्या आईला कोरडा खोकला लागलेला असतो. एका दवाखान्यात १६० सांगितलेले बीपी दुसऱ्या दवाखान्यात १३० निघालेले असते. शिवाय एक मोठा आक्षेप असतोच: पूर्वी १६० पर्यंत चालायचे, मग १४० झाले, आता १३० म्हणतात, हे आकडे खाली आणले कुणी आणि कुणासाठी? या पूर्वपक्षाला उत्तर द्यायचे तर त्याच्या सगळ्यात बळकट रूपाला दिले पाहिजे.

आधी एक इतिहास. आज टपरीवर जे बोलले जाते, ते नव्वदेक वर्षांपूर्वी जगातले नामांकित डॉक्टर बोलत होते. १९३१ साली इंग्लंडचे जॉन हे यांनी असे मत मांडले होते की वाढलेल्या रक्तदाबाचा मोठा धोका तो सापडण्यातच आहे, कारण सापडला की कोणीतरी तो उतरवायला जाणार. अमेरिकेतले हृदयरोगशास्त्राचे थोर जाणकार पॉल डडली व्हाइट यांनाही त्याच काळात वाटत होते की वाढलेला दाब ही शरीराने केलेली भरपाई असू शकते, तिच्याशी खेळू नये. आकुंचलेल्या नसांतून रक्त पुढे ढकलायला दाब हवाच, अशी ती कल्पना. ऐकायला ती आजही पटते.

या कल्पनेची किंमत अमेरिकेच्या अध्यक्षानेच मोजली. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता, हृदय फुगलेले होते. त्याआधीची कित्येक वर्षे त्यांचे खासगी वैद्य ‘वयाच्या मानाने ठीक’ असेच सांगत आले होते. १२ एप्रिल १९४५ ला दुपारी रूझवेल्ट यांनी डोक्याच्या मागे असह्य दुखते असे म्हटले आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला तेव्हा देण्यासारखे औषध जवळजवळ नव्हते. आज मकरधोकड्याच्या शेतमजुराला ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हा फरक नीट लक्षात घ्यावा.

औषध आले कुठून, याची हकिगत तर महाराष्ट्रातून जाते. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. १९३१ मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाबावर चालते असे लिहिले, पण जगाचे लक्ष गेले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रुग्णांना देऊन, मोजून, नोंदून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला, आणि मग मात्र युरोप-अमेरिकेत त्या मुळावर उड्या पडल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रिसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. ‘ही इंग्रजी गोळी, आपल्या प्रकृतीला नाही मानवत’ असे म्हणणाऱ्यांनी हा वंशवृक्ष एकदा पाहावा.

त्या रिसर्पिनचे पुढे काय झाले ते आपल्या वादाला थेट लागू आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुष घेतले. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. निम्म्यांना तीन औषधे दिली, त्यात एक रिसर्पिन. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते हे रुग्णांना माहीत नव्हते. १९६७ मध्ये निकाल छापून आला: औषधाविना राहिलेल्यांपैकी २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना. ‘दाब ही भरपाई आहे, तिच्याशी खेळू नका’ हे मत त्या दिवशी संपले. दाब उतरवला म्हणून मेंदू उपाशी राहिला नाही, मूत्रपिंडे बंद पडली नाहीत. उलट ज्यांचा उतरवला तेच तगले. रिसर्पिन स्वतः आज मागे पडले आहे, कारण त्याने काहींचे मन खिन्न होत असे. त्याहून सौम्य औषधे आली. पण वाद त्याने जिंकून दिला होता.

आता ‘त्रास नाही तर रोग नाही’ याकडे येऊ. रक्तदाबाला दुखवणारी नस नाही. डोके दुखणे, घेरी येणे, गरगरणे या गोष्टींवरून बीपी ओळखण्याची आपली सवय बहुतेक वेळा चुकते. १७० दाब असलेला माणूस सायकलवर कापसाचे गाठोडे आणतो आणि त्याला काहीच जाणवत नाही. दाब आत काम करत असतो: हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या कडक होतात, डोळ्याच्या पडद्यावरच्या नसा आकसतात, मेंदूतल्या केसाएवढ्या धमन्यांच्या भिंती कमजोर पडतात. पहिले लक्षण कित्येकांना दिसते ते थेट लकव्याचे.

आणि हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे का? गडचिरोलीहून नागपूरकडे जाणारा रस्ता आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर करत उमरेडवरूनच जातो. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या खेड्यांत, ‘सर्च’ या संस्थेत तेव्हा काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात होते, दर सात मृत्यूंमागे एक. हिवताप नव्हे, साप नव्हे. बहुतेक जण घरीच गेले. भात-भाजी खाणारी, रानात राबणारी, चरबी नसलेली माणसे. ‘मेहनतीच्या माणसाले बीपी होत नाही’ हे वाक्य यानंतर कुणी उच्चारू नये असे मला मनापासून वाटते.

मात्र पूर्वपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करतो, आणि डॉक्टरांनीही करावा. बीपी मोजले जाते ते फार वाईट पद्धतीने. ओपीडीच्या रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस आत येतो, स्टुलावर टेकतो, पाठीला आधार नाही, हात लोंबता, शर्टाची बाही वर सरकवून घट्ट झालेली. त्याच वेळी सिस्टर विचारते, ‘नाव काय, गाव कोणतं?’ आणि तो उत्तर देत असताना पट्टा फुगतो. आत येण्याआधी बाहेर खर्रा थुंकलेला असतो. यातली एकेक गोष्ट आकडा चढवते. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नुसता हात कुठे ठेवला यावर प्रयोग केला. हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवण्याऐवजी बाजूला लोंबता ठेवला तर वरचा दाब सरासरी साडेसहा अंकांनी जास्त दिसला, मांडीवर ठेवला तर जवळपास चारने. तेवढ्यात माणूस निरोगीचा रोगी होतो. म्हणून आधी पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नाही, पट्टा उघड्या दंडावर, बोलणे बंद, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. शक्य असेल तर घरी दंडाच्या यंत्रावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिणे. दोन दवाखान्यांत दोन आकडे येतात ही तक्रार खरी आहे, पण त्यावरून बीपी खोटे ठरत नाही. मोजणी सुधारली पाहिजे, इतकेच त्यातून निघते.

आकडे खाली आणल्याच्या आक्षेपाला उत्तर वेगळे आहे. ‘१०० अधिक वय’ हा हिशेब आपल्याकडे अजून चालतो. साठीच्या माणसाला १६० ठीक, असे त्यातून निघते. २००२ मध्ये जगभरातल्या सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा असे दिसले की चाळीस ते सत्तर वयात ११५ च्या पुढे दर वीस अंकांना हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. म्हणजे १४० वर कुठलीही भिंत नाही, चढण आधीच सुरू झालेली असते. मर्यादेची रेघ कुठे मारायची हा माणसांनी ठरवायचा प्रश्न आहे, चढण मात्र शरीरातली आहे. २०१५ मध्ये ‘स्प्रिंट’ या अमेरिकी चाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी अर्ध्यांचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवला, उरलेल्यांचा १४० च्या खाली. पहिल्या गटात मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाले. ही चाचणी कंपन्यांच्या नव्हे, सरकारी पैशावर झाली होती. आणि ‘म्हाताऱ्याले आता कायले गोळ्या’ याचे उत्तर २००८ च्या ‘हायव्हेट’ चाचणीने दिले: ऐंशीच्या पुढच्या लोकांत उपचाराने एकूण मृत्यू पाचव्या हिश्शाने घटले.

तरीही मी सरसकट १२० चा आग्रह धरणार नाही. उभे राहताना तोल जाणारी, अशक्त, एकटी राहणारी आजी असेल तर आकड्यापेक्षा तिचे पडणे जास्त महत्त्वाचे. उमरेडच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, घामाने अंग सुकते, तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारून पाहावी लागते. हे तारतम्य उपचाराचाच भाग आहे, आणि गोळी बंद करण्याचे निमित्त म्हणून ते वापरू नये.

आता गाभ्याचा मुद्दा: गोळी ‘लागते’. दारू लागते, खर्रा लागतो, तशी अॅम्लोडिपिन लागत नाही. ती सोडली तर तलफ येत नाही, हातपाय थरथरत नाहीत. काही औषधे, उदाहरणार्थ अॅटेनोलॉलच्या जातीची किंवा क्लोनिडिन, एकदम बंद केली तर दाब आणि नाडी उसळतात, म्हणून ती हळूहळू कमी करतात. पण रोजची साधी गोळी थांबवल्यावर दाब वर येतो तो जुनाच दाब असतो, गोळीने निर्माण केलेला नवा नव्हे. चष्मा काढल्यावर अक्षरे पुसट दिसतात म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असे आपण म्हणत नाही. ज्यांचे वजन उतरते, मीठ कमी होते, दारू सुटते, त्यांची मात्रा खरोखर कमी होते, कधी कधी गोळीही सुटते. आयुष्यभर राहते ती नसांची ताठरता.

पाय सुजतात हे खोटे नाही. अॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, पण पलीकडच्या शिरा तितक्या सैल होत नाहीत, मग पाणी घोट्यापाशी साचते. मात्रा जितकी जास्त तितकी सूज जास्त. यावर गोळी टाकून देणे हा इलाज नाही. मात्रा कमी करून जोडीला टेल्मिसार्टनसारखे औषध दिले की शिराही उघडतात, सूज उतरते आणि दाब जास्त चांगला आवरतो. कोरडा खोकला एनालाप्रिल, रामिप्रिलच्या जातीमुळे येतो, टेल्मिसार्टनने सहसा येत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली खरी प्रगती मला इथे दिसते: एकाच औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा दोन औषधे थोड्या थोड्या मात्रेत, एकाच गोळीत. २००९ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले की मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या जातीचे औषध जोडल्याने सुमारे पाचपट जास्त दाब उतरतो. आणि भारतीयांना कोणती जोडी चांगली, हा प्रश्न भारतातच विचारला गेला. ‘टॉपस्पिन’ या चाचणीत देशभरातल्या ३२ केंद्रांवर सुमारे दोन हजार रुग्ण घेतले, तीन वेगवेगळ्या जोडगोळ्या दिल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल आला: तिन्ही जवळजवळ सारख्याच चालल्या आणि दहापैकी सुमारे सात जणांचा दाब आटोक्यात आला. म्हणजे महागड्या जोडीच्या मागे धावायचे कारण नाही. सकाळी घ्यावी की रात्री, यावरही खूप खल झाला. २०२२ च्या ब्रिटिश ‘टाइम’ चाचणीने एकवीस हजार लोकांवर पाहिले, फरक निघाला नाही. खाणीत पाळ्या बदलणाऱ्या कामगाराने ज्या वेळी विसर पडणार नाही ती वेळ धरावी.

राहिले ‘नागपूर दूर नाही’. अटॅक आलाच तर नागपूर हवेच. बंद पडलेली धमनी वेळेत उघडली तर जीव वाचतो आणि त्यात अँजिओप्लास्टीला तोड नाही. पण छातीत कळ आल्यावर अॅसिडिटी म्हणून सोडा पिण्यात, पाव्हण्याची गाडी शोधण्यात जे तास जातात ते नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा सुपर स्पेशालिटी रुग्णालय परत देऊ शकत नाही. आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी, १०८ ला फोन, आणि लांबचा पल्ला असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वाटेवरच. दुसरीकडे, अटॅक नसताना, चालल्यावर थोडे छातीत भरून येते एवढ्यावरून ‘ब्लॉकेज’ काढून घेण्याची जी घाई होते तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. ‘इस्केमिया’ या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतातलेही. स्थिर आजारात नीट औषधे दिली तर सुरुवातीलाच स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतल्या वेदनेला मात्र आराम पडला. २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत बांधली ते उत्तमच झाले. तरीही स्टेंट जिथे बसला तेवढीच नस उघडते. दाब, साखर, चरबी, तंबाखू सगळ्या नसांवर काम करत राहतात. स्टेंट बसवून आल्यावर बीपीची गोळी सोडणारा माणूस सर्वांत मोठी चूक करत असतो.

मग मंडन काय? ते नागपूरच्या विरुद्ध दिशेला शोधावे लागते. उमरेड तालुक्याच्या पश्चिम अंगाला वर्धा जिल्हा लागतो, पूर्वेकडे थोडे पुढे गेले की भंडारा. २०१७ च्या शेवटी आयसीएमआर, आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ पाच राज्यांत सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून घेतलेल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग आणि हेच आपले दोन शेजारी होते. त्यांनी नवे औषध शोधले नाही. राज्यभर एकच ठरलेली पायरी: अमुक गोळीपासून सुरुवात, महिन्याने आकडा खाली नाही आला तर दुसरी जोड, मग तिसरी. प्रत्येक रुग्णाचे कार्ड. औषध महिन्याचे एकदम, आठ दिवसांचे नाही. पुढचा महिना उपकेंद्रावर, गावाजवळ. मोजणी आणि नोंद सिस्टरच्या हाती. जो आला नाही त्याला फोन किंवा आशाताई दारात. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तेव्हा १३० हून अधिक जिल्ह्यांत चौतीस लाख लोक उपचारावर होते आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा दाब आटोक्यात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात सरासरी शंभरातल्या पंधराच रुग्णांचा दाब आटोक्यात आहे. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत, पहिला उपचारावर असलेल्यांचा आणि दुसरा सर्व रुग्णांचा. तरी दिशा कळते.

चीनने हेच खेड्यातल्या वैद्यांकडून करून घेतले. ३२६ गावे, जवळपास ३४ हजार लोक. अर्ध्या गावांत एमबीबीएस नसलेल्या गाववैद्यांनी ठरलेल्या पायरीप्रमाणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिली. दीड वर्षात त्या गावांत ५७ टक्क्यांचा दाब १३०/८० खाली आला, उरलेल्या गावांत २० टक्क्यांचा. तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात तिसऱ्या हिश्शाने घटले.

मिठाचे तसेच. आपल्या ताटात मीठ भाजीपेक्षा कडेला जास्त असते: लोणचे, पापड, ठेचा, तर्रीपोह्यांवरचे शेव-फरसाण. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असा सल्ला आहे, आपण आठच्या आसपास खातो. चीनच्याच ६०० खेड्यांत एकवीस हजार लोकांच्या स्वयंपाकघरात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, आणि २०२१ मध्ये दिसले की पक्षाघात १४ टक्क्यांनी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. चव जवळपास तीच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. आणि खर्रा. पन्नी तळव्यावर ठेवून घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. तोंडाच्या कर्करोगाची भीती आपल्याला आता ठाऊक झाली आहे, हृदयाची नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूने अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

सहा महिन्यांतून एकदा टोचायची इंजेक्शने, मूत्रपिंडाच्या नसांवर उष्णता देणारी नळी, अशा बातम्या येत राहतात. इंजेक्शन अजून चाचण्यांत आहे. नळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे, ती गोळ्यांना दाद न देणाऱ्या थोड्यांसाठी. त्यांची वाट पाहत आजची अॅम्लोडिपिन टाळणे परवडणारे नाही.

उमरेडने आता मागायचे असेल तर आणखी एक कॅथलॅब मागण्याआधी हे मागावे: तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात वर्षाचे बाराही महिने तीनही औषधांचा साठा, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, पाठ टेकायला एक खुर्ची आणि हात ठेवायला टेबल, खाणीतल्या रात्रपाळीच्या माणसांसाठी सकाळी पाळी सुटल्यावर उघडी असलेली खिडकी, आणि महिना चुकवणाऱ्यांची यादी घेऊन दारोदार जाणाऱ्या आशाताईला त्या फेरीचा वेगळा मोबदला.